वनरेखाचा आवाज

नाही गं, राग कसला. बस. त्या खुर्चीचा पाय हलतो, इकडे पंख्याखाली बस. आधी कॉफी घे, मग त्या शालीचं बघू — नको, पिशवीतून काढूसुद्धा नकोस अजून. दारात तू 'वेदाक्का आहेत का' म्हणालीस आणि माझ्या हातातला डबा पडला ना, ते बोटं सुजलीत म्हणून नाही. तसं सांगितलं मी तुला. बोटं सुजलीत हे खरं, पण डबा त्यानं नाही पडला. असू दे.

तर रविवारी तुझ्या आईची शोकसभा. कलाकार संघाच्या हॉलमध्ये. आणि कार्डावर माझं नाव छापूनही मोकळे झालात — बघू, चष्मा कुठं ठेवला मी — 'स्वर्गीय वनरेखा यांचा आवाज, श्रीमती वेदवल्ली.' छान छापलंय. चाळीस वर्षं मद्रासच्या या वडपळनीत काढली, तुझ्या आईसाठी तेवीस सिनेमे बोलले, एकाही पाटीवर माझं नाव आलं नाही, आणि आता ती नाही तेव्हा आलं. मी स्टेजवर उभं राहून मिठागराच्या सिनेमातला तो संवाद म्हणायचा, मग तू मला शाल घालायचीस, लोक डोळे पुसणार. असंच ना? ती गेली त्या दिवशी सगळ्या चॅनेलांवर तिचेच सिनेमे चालू होते. खालची कामाक्षी रडत वर आली — अक्का, काय गळा होता हो बाईचा! मी तिच्या मागंच उभी होते, हातात पदर. म्हटलं, हो बाई, होता.

तू लहान होतीस, तुला काय माहीत असणार. आमच्याकडे हिरोइनीनं दिसायचं, बोलायचं नाही. उत्तरेकडच्या पोरी यायच्या, तमिळचा गंध नाही, सेटवर नुसते आकडे म्हणायच्या — एक, दोन, तीन, चार — आणि डोळ्यांत पाणी आणायच्या. मग आम्ही अंधाऱ्या रेकॉर्डिंग थिएटरात पडद्यासमोर उभं राहून त्यांच्या तोंडात प्रेम घालायचो, नवस घालायचो, शिव्या घालायचो. पण तुझी आई तर इथलीच की! कोविलपट्टीची पेच्चियम्माळ. काडेपेटीच्या कारखान्यात काड्या भरत वाढलेली, बोलायला लागली की समोरचा गप्प. आवाज मात्र घोगरा, जाड. पहिल्या निर्मात्यानं नाव बदलून वनरेखा केलं आणि आवाजही बदलला. तिच्या तोंडावर म्हणाला, चेहरा जाईचा आणि गळा बैलगाडीचा. ती हसली. मीही हसले. काय करणार, निर्माता हसला की सगळ्यांनी हसायचं असतं.

तर तसं आठ वर्षं चाललं. बायका बसमध्ये तिचे संवाद म्हणायच्या — माझे संवाद, माझ्या हेलात — आणि मी दांड्याला धरून उभी. कुणी ओळखायचं नाही. मला काही वाटायचं नाही. खरंच सांगते, काही म्हणजे काही... बरं, थोडं वाटायचं. माणूसच ना मी. मग दिग्दर्शक चिदंबरनाथन सारांचा तो मिठागराचा सिनेमा आला. नवरा बुडालेली बाई, तळपाय फुटलेत, मुकादमापुढं उभी राहून जाब विचारते. सार म्हणाले, ही बाई कोकिळेसारखी बोलली तर लोक मला दगड मारतील. पेच्ची, तूच बोलायचंस. अख्ख्या सिनेमावाल्या कोडंबाक्कममध्ये तिला पेच्ची म्हणणारा तेवढा एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला ती इथं. या खोलीत. गाडी कोपऱ्यावर लावून चालत आली, लोक जमतील म्हणून, गावाकडची शेंगदाण्याची चिक्की घेऊन. खुर्चीवर बसेना. खाली बसली, आता तुझा पाय आहे ना तिथं, आणि म्हणाली — अक्का, मला शिकवा. एकदा तरी माझ्या तोंडानं बोलायचंय. अप्पा थिएटरात बसतील तर त्यांना मुलगी ओळखू येऊ दे.

शिकवलं ना! कोण म्हणतं नाही शिकवलं? आठ दिवस शिकवलं, रोज सकाळी, चहापाण्यासकट. संवाद पाठ करून घेतला, कुठं थांबायचं ते सांगितलं, थंड पाणी बंद केलं. पण नशीब असतं एकेकाचं. रेकॉर्डिंगला वेळ कुठली दिली, तर भर राहुकाळ. साउंडवाला उतावळा. पडद्यावर तेच तेच दृश्य फिरत राहायचं आणि ही दर वेळी मागं पडायची — पडद्यावरचे ओठ मिटायचे आणि मग हिचा शब्द यायचा. एकोणीस वेळा, वीस वेळा. काचेमागं पोरं हसायला लागली. आवाज चढवायला गेली तर फाटला. सार बिचारे डोक्याला हात लावून बसले, आणि शेवटी दार उघडून म्हणाले, वेदवल्लीला निरोप पाठवा.

निरोप कशाला पाठवायचा, मी बाहेर बाकावरच होते. हो, बाहेरच. नाही, कुणी बोलावलं नव्हतं. सहजच गेले होते. असं बघू नकोस माझ्याकडे. सहज नाही — धुतलेली साडी नेसून गेले होते, थर्मासमध्ये जिऱ्याचं गरम पाणी घेऊन. आमच्यात कामाला जाताना नेतात ते.

पहिल्याच खेपेला झालं माझं. एका दमात. तुझी आई कोपऱ्यात उभी होती, तिला घरीही जाता आलं नाही, माझ्यानंतर तिच्या हसण्याचा एक तुकडा घ्यायचा होता — तोही मग मीच हसले. आणि संपलं तेव्हा पहिली टाळी कुणाची? तिची. जनाची नाही तरी मनाची असते गं माणसाला. मला त्या टाळीनं भर थंड खोलीत घाम फुटला.

ऐक. आता बोललेच आहे तर सगळं ऐक. पडद्यासमोर उभं राहिलं ना, की ओठांकडे बघायचं नसतं. ओठांकडे बघितलंस की उशीर झालाच. खांद्यांकडे बघायचं. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, खांदा हलतो, त्या श्वासाबरोबर आपला श्वास घ्यायचा — मग शब्द आपोआप जागेवर पडतो. ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण, कालची पोरसुद्धा सांगेल. आणि मी तिला आठ दिवस काय सांगितलं? ओठांकडे बघ गं. ओठ सोडू नकोस. वर म्हटलं, थोडा पातळ कर आवाज, लोकांना सवय आहे. तिनं वहीत लिहून घेतलं.

पोटासाठी केलं म्हणाले असते तर तूही मान डोलावली असतीस. पण माझ्याकडे तेव्हा चार हिरोइनी होत्या, काम ओसंडून जात होतं. पोटात दुखलं माझ्या, एवढंच. चेहरा तिचा, गर्दी तिची, आणि आता आवाजही तिचाच? मग मी कोण?

तिनं परत कधी तोंड उघडलं नाही. बक्षीस घ्यायला गेली तर नुसते हात जोडले. पुढं वय झालं, ज्याच्याबरोबर झाडांभोवती नाचली त्याचीच वहिनी झाली, मग आई झाली — तिथंही मीच बोलले. टीव्हीवाले मालिका घेऊन दारात आले तेव्हा तिथं स्वतः बोलावं लागेल म्हणून तिनं त्यांना परत पाठवलं. चाळिशीत घरी बसली बाई. लोक म्हणाले, माज.

काय? परत सांग... तिनं तुला सांगितलं होतं? काय सांगितलं — वेदाक्कानं जीव तोडून शिकवलं, माझीच अक्कल कमी पडली?

असं म्हणाली ती.

आणि अंगाई? तुला एकदाही नाही म्हटली? आवाज वाईट म्हणून, बाळाच्या कानावर नको म्हणून? देवा मुरुगा.

नको. काही बोलू नकोस, पाया पडते तुझ्या. तू तोंड उघडलंस की ती बोलते. तोच घोगरा गळा, तोच. दारात ऐकला आणि डबा पडला माझा. शिवी दे हवी तर, पण बाहेर जाऊन दे.

ती पिशवी उचल. शाल घेऊन जा, कार्डावरचं नाव खोडा, नाहीतर राहू दे, कसंही करा, मी येणार नाही. मिठागराचा संवाद तू म्हण. हो, तूच. पाठ आहे ना तुला? घाबरू नकोस. माईकसमोर उभी राहिलीस की समोर तिचा मोठा फोटो असेल, त्यातल्या तिच्या खांद्याकडे बघ. आधी श्वास घे. मग बोल.

जा आता. दार ओढून घे.