भिंतीवरच्या अकरा झांजा

नाही, मला एक सांगा, माणसाने एकदा 'छान आहे' म्हटलं की तोंड मिटायचं की नाही? छान आहे म्हणालात, संपलं, चहा प्या, घरी जा! पण नाही. हा मनुष्य 'छान आहे' म्हणतो, डोळे मिटतो, मान जराशी डावीकडे कलवतो, आणि मग... तुम्हाला सांगतो, मग म्हणतो, 'पण...'

त्या 'पण'ने माझी झोप उडवली, भूक उडवली आणि वर अकरा झांजा खाल्ल्या. अकरा!

आता तुम्ही म्हणाल, झांज म्हणजे ती हातात धरून आपटतात ती. ती नव्हे हो! ड्रमवाल्यांची. वीस इंची, परातीएवढी, स्टँडवर आडवी बसवलेली, तिच्यावर काडीने वाजवतात. लोक सिंबल म्हणतात, आमच्या घरात झांजच म्हणतात. आणि आम्ही ती हाताने करतो. तांबं आणि कथील वितळवून चकती ओतायची, तापवायची, लाटायची, पुन्हा तापवायची, पुन्हा लाटायची, आणि मग ऐरणीवर घेऊन हातोडा, हातोडा, हातोडा. एका झांजेला ठोके किती? मी एकदा मोजायला घेतले होते. चार हजारांच्या पुढे गेलो आणि बायको दारातून ओरडली, 'जेवायला येताय की ताट झाकून ठेवू?' आकडा गेला. पुन्हा मोजायची हिंमत केली नाही.

तर साध्या झांजेला मधोमध वाटीसारखा फुगवटा असतो. तिथे मारलं की घंटेसारखी ठणाणते. धांगडधिंगा करणारे बँडवाले तीच मागतात. आवाज मोठा, गिऱ्हाईक खूश, विषय संपला. पण हे जॅझवाले! यांना फुगवटा नको. सपाट हवी. पातळ हवी. वाजली पाहिजे पण घुमायला नको. पलीकडे पियानोवाला हळूच काही म्हणत असेल तर त्याच्या पायात पाय घालायला नको. म्हणजे पाहुणा कसा हवा, तर आला पाहिजे, दोन शब्द बोलला पाहिजे आणि आपणहून उठून गेला पाहिजे! असा पाहुणा तुम्ही आयुष्यात बघितलाय? मग अशी झांज मी कुठून आणू?

तरी कबूल केली. कारण मागणारे होते काडीमास्तर. सत्तरी ओलांडलेला किडकिडीत माणूस, कोटाच्या खिशातून कायम दोन काड्या डोकावणार, आणि बोलताना त्याच काड्या समोरच्याच्या टेबलावर, खुर्चीवर, कधी कधी समोरच्याच्या खांद्यावर चालणार. एका मंगळवारी हे आले ते उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून, आजारी मांजर डॉक्टरकडे आणावं तसं. उघडलं तर आमच्या बाबांनी अडतीस वर्षांपूर्वी केलेली सपाट झांज! कडेपासून आतपर्यंत तडा गेलेली. मास्तर म्हणाले, 'पाच महिन्यांनी रविवारी माझा कार्यक्रम आहे. अशीच करून द्या. नाही झाली तर मी बसणार नाही. पत्र्याच्या डब्यावर वाजवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.'

आणि हे कुठे म्हणाले? बाबांच्या समोर!

आमचे बाबा कारखान्यात कोपऱ्यात स्टुलावर बसतात, त्यांची एक जुनी झांज टांगलेल्या भिंतीला पाठ टेकून. सगळा जन्म हातोडा मारून कान गेले. मग हात थरथरायला लागले, तेव्हा हातोडा माझ्याकडे आला. सात वर्षं झाली. सात वर्षांत मी केलेल्या एकाही झांजेला बाबा चांगली म्हणाले नाहीत. वाईटही म्हणाले नाहीत म्हणा! नखाने कडेला टिचकी मारणार, बोटांच्या टोकांनी थरथर बघणार, आणि 'हं' करून ठेवून देणार. आता मी पन्नाशीला आलो, डोक्यावर केस मोजून पंधरा राहिलेत, पण वाटतं हो! खोटं कशाला बोलू, वाटतं. ही झांज मास्तरांनी घेतली, तर मी बाबांच्या जागेवर बसणार. नाही घेतली, तर मी आपला बाबांचा हातोडा सांभाळणारा माणूस. एवढं सगळं त्या एका पत्र्यावर टांगलेलं!

मी जीव ओतला. हातोडा झाला, मग लेथवर चढवली, कातली, गुडघाभर सोनेरी कीस पडला. दोन दिवस तिला नुसती पडून राहू दिली, कारण ठोकलेल्या धातूचाही राग उतरावा लागतो. मास्तर आले. बसले. काडी उचलली. टिंग, टिं-टि टिंग... अहाहा! मी श्वास धरून उभा.

'छान आहे,' मास्तर म्हणाले. डोळे मिटले. मान डावीकडे. 'पण... मागे कुणीतरी कुजबुजतंय.'

कुजबुजतंय? झांजेत? मी वाजवून बघितली. मला काही नाही. कोपऱ्यातून बाबा ओरडले... बहिरा माणूस ओरडूनच बोलतो... 'भिंत वाजतेय!' मी म्हटलं, 'हो बाबा, वाजतेय हं, बसा तुम्ही!' म्हातारं माणूस, काय बोलायचं.

आता कुजबुज म्हणजे काय, तर सूर रेंगाळतोय. सूर रेंगाळतोय म्हणजे धातू जास्त आहे. म्हणून मी लेथवर चढवली आणि जरा कातली. 'छान आहे. पण...' अजून जरा कातली. 'छान आहे. पण...' आता धातूचं एक आहे बघा, तो काढता येतो, परत घालता येत नाही. आमटी खारट झाली तर पाणी तरी ओतता येतं, इथे काय ओतणार? चौथ्या वेळी ती झांज हातात धरली तर ओल्या रुमालासारखी मान टाकायला लागली. नापास! भिंतीवर खिळा ठोकला, अडकवून दिली. नवी करायला घेतली.

दुसरी झाली. 'छान आहे. पण... आता दोघं कुजबुजतायत.' कातली, कातली, नापास, भिंतीवर. तिसरी. 'छान आहे. पण... तिघं आहेत बहुतेक.' म्हणजे हा मनुष्य झांजेतली माणसं मोजतो! दर वेळी बाबांचं कोपऱ्यातून, 'भिंत वाजतेय!' आणि दर वेळी माझं, 'हो बाबा!' बायको म्हणाली, 'अहो, त्या मास्तरांना कान दाखवायला न्या कुणाकडे तरी, आणि जाताना बाबांनाही न्या, आणि तुम्हीही दाखवून घ्या, एका फेरीत तिघांचं होईल.' सहावी, सातवी, आठवी. मी रात्रंदिवस... नाही, रात्री नाही, शेजारी रात्री ठोकू देत नाहीत... पण दिवसा, सगळा दिवस तेच. इतर गिऱ्हाइकं परत पाठवली. स्वप्नात सुद्धा कुणीतरी माझ्याकडे बघून मान डावीकडे कलवायचं. नववीला मास्तर हळहळत म्हणाले, 'छान आहे हो. पण आता मागे सभाच भरलीये.'

अकरावी भिंतीवर गेली तेव्हा मी हात टेकले. पण कार्यक्रम रविवारवर आलेला. शुक्रवारी सकाळी बारावी घेऊन उभा राहिलो. पहिलीसारखीच केली होती, तीच जाडी, तेच वजन, कारण डोकंच चालेना. मास्तरांनी काडी मारली. टिंग, टिं-टि टिंग...

'छान आहे,' मास्तर म्हणाले. 'पण...'

आणि माझा तोल गेला! म्हटलं, 'काय पण? कुठे आहे पण? दाखवा मला! पाच महिने तुमचं हे पण-पण ऐकतोय, आजपर्यंत बारा झांजा केल्या, माझ्या बोटांची सालं निघाली, आणि तुम्हाला माणसं ऐकू येतात! हवी असेल तर न्या, नाहीतर ती तडकलेली कवटाळून बसा घरी!' बोललो आणि लगेच वाईट वाटलं. कारण मास्तरांनी नुसत्या काड्या खिशात ठेवल्या. निघालेच होते बिचारे.

तेवढ्यात बाबा उठले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या स्टुलावरून उठून माझ्याकडे आले, माझं मनगट धरलं, मी सात वर्षांचा असल्यासारखा, मला भिंतीपाशी नेलं आणि माझा तळहात भिंतीवर दाबून धरला. मास्तरांकडे बघून ओरडले, 'वाजव!'

मास्तरांनी वाजवली. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या हाताखाली भिंत थरथरत होती!

वर बघितलं. अकराच्या अकरा झांजा खिळ्यांवर थरथरतायत. अहो, होणारच! जात एक, माप एक, हात एकाचा. एकीला हाक मारली की अकरा जणी ओ देणार. आतापर्यंत कधी कळलं नाही, कारण मोठ्या झांजांच्या ठणठणाटात ही कुजबुज ऐकतंय कोण! आणि माझे कान? आयुष्य त्या खोलीत गेलं, मला ती खोली ऐकूच येत नाही. नापास झालेली प्रत्येक झांज मी स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगत होतो, आणि ती पुढचीला नापास करत होती! पहिलीच्या वेळी ओ देणारी बाबांची ती जुनी झांज तेवढी होती. म्हणजे पहिलीच... पहिलीच बरोबर होती हो! आणि तिला मी कातून कातून रुमाल केला!

बाबा म्हणाले, 'पाच महिने सांगतोय. बहिरा मी की तू?'

आम्ही सगळ्या झांजा उतरवून अंगणात नेल्या. बायकोही आली हातभार लावायला, दर फेरीला एकदा हसत. भिंतीवर नुसते गोल डाग उरले. मास्तर पुन्हा बसले. टिंग. एकच. स्वच्छ, कोरडं, आलं आणि गेलं. मागे चिडीचूप.

'छान आहे,' मास्तर म्हणाले.

मी वाट बघतोय. बायको वाट बघतेय. बाबा मास्तरांच्या ओठांकडे बघतायत. मास्तरांनी अजून एकदा वाजवली, डोळे मिटले...

'पण ते लोक कुठे गेले?'

म्हटलं, 'अंगणात काढले.' तर मास्तर खाली बघत म्हणाले, 'परत बोलवता का त्यांना? आधी राग यायचा त्यांचा. पण काय आहे, माझ्याबरोबर वाजवणारे तिघं होते, आता एकही राहिला नाही. घरी एकटाच वाजवतो. इथे मंगळवारी आलो की मागे कुणीतरी असायचं.'

आता यावर तुम्ही भांडाल? मला सांगा, कोणत्या तोंडाने भांडाल? मी नाक शिंकरायच्या निमित्ताने अंगणात गेलो.

रविवारी दुपारी सभागृहात हे ध्यान बघायला हवं होतं! पुढे मास्तर, त्यांच्यासमोर बारावी, आणि मागे आमच्या बायकोचा चादरी वाळत घालायचा स्टँड, त्यावर अकरा नापास झांजा ओळीने. पियानोवाल्या पोरीने आधी विचारलं, 'ही धुलाई कुणाची?' पण वाजायला लागल्यावर गप्प झाली. मास्तर इतके हलके वाजवत होते की काडी टेकतेय की नाही कळू नये, आणि मागून ते सगळे हळूच हुंकार भरतायत. बाबा पहिल्या रांगेत, पायातले बूट काढून, तळपाय लाकडी जमिनीवर, हात रंगमंचाच्या कडेवर. अख्खं सभागृह श्वास रोखून बसलेलं. पियानो थांबला, नुसती झांज उरली, पानाची सळसळ ऐकू येईल इतकी शांतता... आणि त्या शांततेत बाबा ओरडले,

'बरी आहे!'

तीनशे माणसं माना उंच करून पहिल्या रांगेकडे बघायला लागली. मास्तर हसायला लागले, पण ठेका सोडला नाही. आणि मी रडलो हो. उघड रडलो. बायकोने रुमाल दिला, तो नेमका कारखान्यातला, त्यातला कीस डोळ्यात गेला, त्यामुळे पुढचं अर्धं रडणं धातूचं होतं, पण पहिलं अर्धं माझं. घरी आल्यावर बाबांना विचारलं, 'बरी म्हणालात ती कुठली? बारावी की मागच्या?' तर त्यांना अचानक ओठांवरचंही कळेना झालं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आपलं नशीब! दुसऱ्या आठवड्यापासून दारात जॅझवाल्यांची रांग. 'आम्हाला मास्तरांसारखा संच हवा. पुढची एक, मागच्या अकरा.' म्हटलं, 'अहो, मागच्या नापास आहेत, फसलेल्या आहेत!' म्हणे, 'तशाच हव्यात.' म्हणजे नीट झांज करायला शिकण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि आता मी रोज सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन, ऐरणीपुढे बसतो आणि मन लावून झांजा बिघडवतो. आणि तुम्हाला सांगतो, मुद्दाम बिघडवायला गेलं की एकही बिघडत नाही. काल दोन केल्या, दोन्ही इतक्या सुंदर झाल्या की बाबासुद्धा 'बरी आहे' म्हणाले, आणि गिऱ्हाइकाने दोन्ही परत केल्या.