मँगो, मून

नांदेडच्या सिटी बसच्या रांगेत माझ्यापुढं दोन मित्र उभे होते.

“संगमेश, नव्या फोनात क्रिप्टोचं पाकीट उघडलं का?”

“उघडंना, विरूपाक्ष. बारा गुप्त शब्द लागतात. चोराला सापडू नयेत म्हणून चार भावाकडं, चार बहिणीकडं, चार बायकोकडं ठेवले.”

“मग?”

“बायकोनं पाठ राहावेत म्हणून उखाणा केला. ‘टायगर, रिव्हर, मँगो, मून, संगमेशरावांचं नाव घेते गौरम्माची सून!’”

“हा तर साऱ्या गल्लीला पाठ हाय! कुणी डल्ला मारला?”

“न्हाई. त्यात मून नव्हताच. यमकासाठी घातला.”

“खरा शब्द कोणता?”

“तिला आठवंना. कागद जाळून टाकला.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“माझ्याच.”

“लई पक्कं कुलूप लावलंस, लेका! चोराला उघडंना अन् मालकालाबी उघडंना.”