सवतीचा आवाज

धूर तपासणीच्या रांगेत स्कूटरवर बसलेल्या शिक्षिकेच्या पुढे एक फिकट निळी, जुनी मोटार थरथरत उभी होती. आतले काका-काकू बोलत होते; काकांना ऐकू कमी येत असल्यामुळे काकूंचा सूर चढा होता.

“इंजिन चालू आहे ना गं?”

“आहे हो. बंद करू नका. गार पडलं तर धूर वाढतो, असं मेकॅनिकने बजावलंय.”

“पूर्वी मला नुसत्या कानाने कळायचं.”

“आता कान माझे. या वयात सवतीचा आवाजसुद्धा मीच ऐकायचा!”

“कसा येतोय?”

“परवापर्यंत खोकत होती. प्लग बदलले, फिल्टर नवा घातला. आता नुसती कुरकुरते, माझ्यासारखी.”

“नापास झाली तर चिरंजीव उद्याच भंगारवाल्याला बोलावतील.”

“आधी नापास तर होऊ दे.”

“विकून टाका म्हणून तूच माझ्या मागे लागायचीस.”

“लागायचे. पण ती गेली की तुम्ही दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसाल, त्याचं काय?”

नीट ऐकू यावं म्हणून शिक्षिकेने आपली स्कूटर बंद केली.

तपासनिसाने मोटारीच्या मागच्या नळीत यंत्राची कांडी सरकवली.

“काका, रेस द्या!”

काका समोरच बघत राहिले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर तळहात ठेवून हलकेच दाबला. इंजिनाचा सूर चढला. हात उचलला, तसा तो उतरला.

“पास!”

“काय म्हणाला गं?”

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि त्या काकांच्या कानाशी वाकल्या.

“म्हणाला, तिघंही घरी जा.”