लेकीचं औषध

रुग्णालयात माझ्या मागच्या बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांचे वडील आत दाखल होते.

"ताई, बाबांना आजपासून देणार ते औषध तुझ्याच संशोधनातलं आहे म्हणे!"

"हो. आत्ताच कळलं."

"जगभरातल्या शास्त्रज्ञांनी तुझ्या त्या लेखाचा दाखला दिलाय, असं डॉक्टर म्हणाले."

"दिलाय. त्याच्या जोरावरच तर मी विभागप्रमुख झाले."

"मग तोंड का पाडलंस?"

"गेल्या वर्षी आम्ही तोच प्रयोग पुन्हा केला. जास्त रुग्ण घेऊन. गुण काही दिसला नाही."

"अगं, मग ते छापायचं ना!"

"छापलं की. त्याचा दाखला अजून कुणीच दिला नाही."

"डॉक्टरांनी वाचलं असेल?"

"वाचलं असतं तर हे औषध लिहिलं नसतं."

"दुसरं आहे?"

"जुनं एक आहे. त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण लागू पडतं."

"बाबा आत सगळ्यांना सांगत सुटलेत, माझ्या लेकीचं औषध म्हणून."

"तू त्यांच्याजवळ जाऊन बस. डॉक्टरांना मी गाठते."

"आणि बाबांना काय सांगू?"

"औषध बदललं म्हण."

"कुणी बदललं, विचारतील."

"लेकीनेच, म्हणून सांग."