वाळवणाच्या दिवशीची चावी

मी, सौ. शुभांगी गोरक्ष बोरस्ते, वय ३६ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार कुसुमाई सोसायटी, तिसरा मजला, इंदिरानगर, नाशिक, आज पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी, पती गोरक्ष, सासूबाई धोंडाबाई व मुलगी सृष्टी, वय ९ वर्षे, असे राहतो. सृष्टीच्या नावापुढे आपण ‘मयत’ असे लिहिले आहे. ते बरोबर आहे, पण तो शब्द मी सांगितलेला नाही.

सोसायटीचे चेअरमन महेश गांगुर्डे यांनी माझ्या सासूबाईंविरुद्ध तक्रार दिली असून सासूबाईंचा जबाब घ्यायला आपले कर्मचारी उद्या दवाखान्यात जाणार आहेत, असे मला समजले. तो जबाब घेऊ नये, एवढ्यासाठीच मी आले आहे. जे विचारायचे ते मला विचारावे.

आमची इमारत चार मजली असून जिना एकच आहे. दरवर्षी उन्हाळा लागला की कमिटी गच्चीची कामे काढते. भेगा बुजवतात, टाकी धुतात, पांढरा रंग देतात. ती कामे झाली की बायकांची वाळवणे वर जातात. यंदा मीटिंगमध्ये विषय निघाला की, सुट्टीत मुले कठड्यावर चढतात, एखादे पडायचे. म्हणून मुलांच्या काळजीपोटी गच्चीला कुलूप लावायचे ठरले. ज्या दिवशी जिचे वाळवण, त्या दिवशी चावी तिच्याकडे. दुसरी चावी दाराजवळ असावी, हे कोणालाच सुचले नाही. मीही हात वर केला होता. इलेक्ट्रिशियनने पाडव्याच्या सुमारास मीटरबोर्ड बदला म्हणून बजावले होते, सगळ्यांकडे एसी झाले, वायर तीच जुनी. कमिटीने आधी गच्ची रंगवली.

आता महेशराव म्हणतात की धोंडाबाईंनी परस्पर कुलूप घातले. आदल्याच दिवशी त्यांच्या पत्नी पूजा यांचे साबुदाण्याचे पापड वर होते आणि हीच चावी त्यांच्या फ्रिजवर होती. तेव्हा ते कुलूप सोसायटीचे होते, दुसऱ्या दिवशी ते माझ्या सासूचे झाले. हे असेच लिहून घ्यावे.

घटनेच्या दिवशी सासूबाईंच्या कुरडया होत्या. सकाळी सृष्टी सोऱ्या घेऊन त्यांच्यासोबत वर होती. तिची पहिली कुरडई तुटली म्हणून दोघी हसत होत्या. याचा तपासाशी संबंध नाही असे आपण म्हणालात. असू द्यावे.

दुपारी जेवणानंतर सासूबाई कुलूप लावून, चावी कमरेला खोचून, खाली पार्किंगमध्ये गारव्याला बसल्या. थोड्या वेळाने जिन्याला लागून असलेल्या मीटरच्या खोलीत आग लागली. मी घरात मशीनवर होते. दाराच्या फटीतून धूर आला. खाली जाण्यासारखे नव्हते. मी सृष्टीला म्हणाले, “तू गच्चीवर पळ, मी गॅस बंद करून आलेच.” गॅस बंदच होता.

मी वर गेले तेव्हा शेजारच्या मीना भोये व चौथ्या मजल्यावरची माणसे गच्चीच्या दाराला धडका देत होती. सृष्टी त्यांच्यात नव्हती. मी विचारले. मीनाताई म्हणाल्या, “अगं, ती खाली गेली. चावी आजीकडे आहे, मी आणते म्हणाली. थांब म्हणेस्तोवर निसटली.” मी खाली वळले. समोरची पायरी दिसत नव्हती. कोणीतरी मला मागून आवळून धरले. मी त्या हाताला चावले, तरी सोडले नाही. त्या माणसाविरुद्ध माझी तक्रार नाही, पण त्याचे आभारही मी मानणार नाही.

तेवढ्यात धुरातून सासूबाई वर आल्या. त्यांनी चाचपडत कुलूप काढले, दार ढकलले आणि उंबऱ्यातच पडल्या. दाराशी होते ते सगळे वाचले. मीही वाचले. सृष्टी अग्निशमन दलाच्या जवानांना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिळाली.

सासूबाईंच्या फुफ्फुसात धूर गेला आहे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी विचारले, “दार उघडलं ना गं? पोर निघाली ना भाईर?” मी म्हणाले, “निघाली, आई.” त्या म्हणाल्या, “मंग आणत का नाय तिला?” मी सांगितले की लहान मुलांना आत सोडत नाहीत. हे खोटे मी आणि गोरक्ष रोज सांगतो. त्यांच्या समोर मी हसते सुद्धा. आता धक्का बसला तर त्या हाती लागणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. माझ्या घरात आता तेवढेच एक माणूस मला राखता येण्यासारखे आहे.

आपण म्हणालात, दोनच साधे प्रश्न विचारायचे आहेत, कुलूप कोणी लावले आणि जिन्यात कोणी भेटले का. पहिल्याचे उत्तर, आम्ही सगळ्यांनी. ते पुरत नसेल तर मी लावले असे लिहावे, मी सही करते. तसे लिहिता येत नाही असे आपण म्हणालात. मग सोसायटीतल्या सगळ्यांची नावे घाला, माझे पहिले घाला.

दुसरा प्रश्न त्यांना विचारू नये, हात जोडून सांगते. काल त्या आपणहून बोलल्या, “जिन्यात कुनीतरी माझा पदर धरला व्हता. काय दिसत नव्हतं. वर आपली सृष्टी कोंडली, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हिसका देऊन सोडवला आन् वर आले. कोन व्हतं गं ते? वाचलं का?” मी म्हणाले, वाचलं.

सृष्टी घाबरली की आजीचा पदर धरते. रस्ता ओलांडतानाही धरते. सासूबाईंच्या ते अजून ध्यानात आलेले नाही. आपल्या माणसाने हा प्रश्न विचारला की ध्यानात येईल.

माझा हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे. पदराबद्दलचा मजकूर हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली, कारण माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत व त्यांना तो माहीत नाही.