कपाट अर्धे आमच्या बाजूला होते

मी, पाट्या रंगवणारा, इमारतीत 'मोजपट्टी' या नावाने ओळखला जाणारा, वय तेवीस वर्षे, शिक्षण नववी पास व दहावी अर्धी, राहणार जुना पंपांचा कारखाना, वरचा मजला, खोली चार, आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देतो की,

हा जबाब माझ्याच अक्षरात आहे. सुरुवातीला हवालदारसाहेब लिहीत होते. मी त्यांना दोन चुकलेल्या वेलांट्या दाखवल्या. तिसरी दाखवल्यावर ते "घे, तूच लिही, आणि शाईही तुझीच घाल" असे म्हणाले. सबब शाई माझी आहे.

वरील इमारतीत पूर्वी पाण्याचे पंप बनत. कारखाना बंद पडल्यावर मालकांनी वरच्या हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती घालून सहा खोल्या केल्या व जाहिरातीत त्याला 'लॉफ्ट' म्हटले. जागा पाहताना आईने "लॉफ्टवर लोक पिंपं ठेवतात, माणसं नाही" असे दलालाला सांगितले होते. परंतु खिडक्या मोठ्या आहेत व माझ्या कामाला उजेड लागतो, म्हणून आम्ही राहायला आलो.

प्लायवूडच्या भिंती माणसाच्या दीडपट उंच आहेत. छत त्याच्या बरेच वर आहे. एका खोलीत कुजबुजले तरी दुसऱ्या टोकाहून सल्ला येतो. त्यामुळे आमच्यात असा नियम आहे की भिंतीपलीकडून आलेले कोणी ऐकायचे नाही. कानावर पडले तरी ऐकले नाही असे धरायचे. भांडण, घोरणे, शिंका, फोन हे सर्व यात येते. खोली दोनमधील नवऱ्याला भांडताना एकदा शब्द सुचेना, तेव्हा खोली सहामधील पैलवान यांनी (अंगात मांस नसल्याने हे नाव) तो भिंतीवरून पुरवला. त्यानंतर आठवडाभर पैलवानांशी कोणी बोलले नाही.

छताखाली कारखान्याचा लोखंडी रूळ अजून आहे व त्यावर चेनपुली सरकते. दारे अरुंद असल्याने जड सामान आम्ही तिने उचलून भिंतींवरून नेतो. ओढण्यापूर्वी साखळीवरचा माणूस "डोकं?" असे ओरडतो. खोलीत जो असेल त्याने "आहे" म्हणायचे व भिंतीला चिकटून उभे राहायचे. उत्तर आले नाही तर तिथे कोणी नाही असे समजून सामान हलवतात. साखळी मी ओढतो, कारण मी घाई करत नाही.

खोली पाचमध्ये मावशी राहतात. त्या माझ्या सख्ख्या मावशी नाहीत. दप्तरे शिवतात व मला हक्काने ओरडतात. त्यांची लेक बाळंत झाल्याने त्या खोलीला कुलूप लावून तिच्याकडे गेल्या होत्या. तेवढ्यात मालकांच्या मॅनेजरांनी दारावर नोटीस लावली की ही खोली रिकामी असून येथे कोणी राहत नाही, तरी ताबा घेण्यात येईल. नोटीस मी मावशींना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी राहत नाही, तर मग भाडं काय माझं भूत देतं?" लेक व बाळ काल संध्याकाळी याच खोलीत यायचे होते. त्यांना दुसरीकडे जागा नाही. का नाही, ते विचारायचे नाही असे मावशींनी सांगितल्याने मी विचारले नाही.

खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्या जागी पाळणा बांधायचा म्हणून मावशींनी जाण्यापूर्वीच ते रिकामे करून आतल्या फळ्या काढल्या होत्या. कपाट आमच्या खोलीत यायचे होते. त्याचे दार ओढून घेतले की कडी आपोआप पडते व आतून उघडत नाही. हे इमारतीत सर्वांना माहीत आहे. मॅनेजर इमारतीत राहत नाहीत.

काल सकाळी मावशी परत आल्या तेव्हा मी त्यांची पिशवी घेऊन मागे होतो. दाराचे कुलूप उघडे लटकत होते. आत कोणी दिसले नाही. पलंगावर किल्ल्यांचा जुडगा होता. मावशींनी जुडगा पाहिला, कपाटाकडे पाहिले व मला म्हणाल्या, "मोजपट्टी, कपाट हलवू या."

"दुपारी ठरलं होतं ना, मावशी?"

"आत्ता."

मी कपाटाला पट्टे बांधले व "डोकं?" असे ओरडलो. मावशी, आई, खोली दोनचे जोडपे व पैलवान यांनी "आहे" म्हटले. इतर कोठूनही उत्तर आले नाही. माझी काळजी करण्याची सवय असल्याने मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. मग मी साखळी ओढली. कपाट जड लागले.

"मावशी, हे रिकामं आहे ना?"

"नोटिशीत तसंच लिहिलंय," मावशी म्हणाल्या.

कपाट जमिनीवरून उचलल्यावर लगेच त्यातून एक शिंक आली. मी थांबलो. मावशी म्हणाल्या, "ओढ बाळा, थांबू नकोस. धूळ असते कपाटात." मी ओढले. कपाट पाच व चारच्या मधल्या भिंतीवर आले, तेव्हा आईने आमच्या खोलीतून चहा झाल्याचे सांगितले. साखळी सोडली तरी पुली घसरत नाही. म्हणून कपाट तिथेच ठेवून आम्ही चहाला बसलो. पैलवानही न बोलावता आले.

चहा घेताना मावशी जरा मोठ्याने बोलत होत्या. "आमचे मॅनेजर म्हणजे देवमाणूस. दुसरी किल्ली करून बाईमाणसाच्या खोलीत शिरतील? जीभ झडेल असं बोलणाऱ्याची."

"छे, छे, अगदी गरीब गाय," आई म्हणाली.

पैलवान म्हणाले, "आणि शिरले असते तर 'डोकं?' विचारल्यावर 'आहे' म्हणाले नसते का? डोकं असतं तर."

कपाट थोडे डोलले. आईने पैलवानांना आणखी अर्धा कप दिला.

मग मावशी वर पाहून म्हणाल्या, "या कपाटाला तोंड असतं ना, तर विचारलं असतं, बाबा रे, तूच सांग, मी या खोलीत राहते की नाही राहत?"

कपाटातून आवाज आला, "राहता. राहता हो मावशी. खाली घ्या."

मी कप विसळून ठेवला व कपाट सावकाश आमच्या बाजूला उतरवले. आईने कडी काढली. मॅनेजर बाहेर आले. त्यांच्या भांगात जळमट होते. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला, तो त्यांनी घेतला. नंतर ते आपल्या ठाण्यात येऊन, मावशींनी त्यांना डांबून हवेत टांगले, खोली रिकामीच आहे व कपाटात असताना आपण एक शब्दही बोललो नाही, अशी तक्रार देऊन गेले.

मला साहेबांनी एकच विचारले आहे की, कपाटात माणूस आहे हे मला माहीत होते काय.

आत येण्यापूर्वी बाहेरच्या बाकावर मावशी मला म्हणाल्या, "तू काही ऐकलं नाहीस. खोलीचं मी बघून घेईन. तुझ्या आईला तू एकटाच आहेस." आई म्हणाली, "नियम आहेच की आपला." हे दोन्ही बोलणे भिंतीच्या अलीकडचे असल्याने मी ऐकले व येथे लिहिले.

यावर माझे उत्तर असे की, शिंक आली तेव्हा कपाट पूर्णपणे खोली पाचच्या बाजूला होते. म्हणून ती मी ऐकली नाही. परंतु 'राहता' असा आवाज आला तेव्हा कपाट भिंतीवर असून अर्धे आमच्या बाजूला होते, व दारही आमच्याच अंगाला होते. भिंतीच्या अलीकडचे ऐकायचे नाही असा नियम नाही. म्हणून 'राहता' हे मी ऐकले. आवाज मॅनेजरांचा होता. मावशी खोली पाचमध्ये राहतात हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले, कोणी शिकवले नव्हते.

आत माणूस आहे हे त्या वेळी मला माहीत होते, असे यावरून धरावे. माहीत असूनही मी आधी कप विसळला. साखळी माझ्या हातात होती. मावशींनी साखळीला हात लावलेला नाही.

लेक व बाळ कालपासून खोली पाचमध्ये आहेत. पाळणा बांधला आहे. बाळ फार रडते. आज सकाळी सर्वांना विचारले, कोणीही काही ऐकलेले नाही.

हा जबाब मी हवालदारसाहेबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एखादी चुकलेली वेलांटी सापडते का पाहिले, सापडली नाही. मी सांगितल्याप्रमाणे, म्हणजे मी लिहिल्याप्रमाणे, तो बरोबर आहे.