निळ्या खडूची खूण

शमीम भाभी, प्राचार्य सर, धामणकर नाक्यावरचा कारखाना आज बंद ठेवून आलेले तुम्ही सगळे, आणि माझ्या मुलांनो,

माईक जरा खाली करून द्या कुणीतरी. हां, पुरे.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मी कालपासून तीनदा नाही म्हणाले. बोलता येत नाही म्हणून नव्हे. वर्गात मी बोलायला लागले की थांबत नाही, हे मुलंच सांगतील. पण आज, खरं सांगायचं तर, मला राग आलाय. शोकसभेत रागावू नये एवढं मला कळतं. तरी आलाय. सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी म्हात्रे. या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, राहणार खारबावची. मुकादम सर गणिताचे. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी. गेल्या सोमवारी सर तास संपवून खाली येत होते, जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत. त्यांचा डबा अजून त्या टेबलावर होता. मी तो उचलून सरांच्या घरी भाभींना नेऊन दिला.

आता राग कशाचा ते सांगते. माझ्या मागे ही फ्रेम ठेवली आहे, हार घालून. आत एका शोधनिबंधाचं पहिलं पान आहे. त्यावर दोन नावं आहेत. एक सरांचं, एक माझं. मघाशी सांगण्यात आलं की हा सरांच्या आयुष्यातला सर्वात मोठा सन्मान होता, आणि गणिताच्या खोलीत ही फ्रेम कायमची लावण्यात येईल. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून, नाहीतर वाजल्या असत्या.

अहो, तो निबंध चुकीचा आहे! सरांनी तो स्वतः मागे घेतला. तीन वर्षांपूर्वी. स्टाफमधल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. त्या वेळी तुम्हीच हसला होतात त्यांना. मग आज हे पान कुठून आलं? ऑफिसच्या यादीतून आलं. यादीत निबंध छापल्याची नोंद आहे, मागे घेतल्याची नाही. कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

मुलांनो, तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

सरांच्या घरचा लूमचा कारखाना. लहानपणापासून त्यांनी कापड बघितलं. ते म्हणायचे, "बाई, कापड म्हणजे काय? एकच नियम हजारो वेळा. उभा दोरा, आडवा दोरा. दोष म्हणजे नियम जिथे मोडला ती जागा. ती जागा गणिताने सापडली पाहिजे." फोटो काढायचा, कॉम्प्युटरला दाखवायचा, आणि दोष कुठे आहे ते त्यानेच सांगायचं. मग एकदा माझ्या टेबलावर खाडीकाठच्या तिवराची पानं पडली होती, रोगाचे ठिपके पडलेली. सर त्या पानांकडे बघत राहिले. म्हणाले, "इथेही तेच की! शिरांचा नियम आहे, ठिपक्याने तो मोडलाय." तिथून आम्ही एकत्र लागलो. कापड त्यांचं, पानं माझी, गणित एकच.

रविवारी सर खारबावला यायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात. माझी आई ओट्यावरून बघायची. एकदा मला म्हणाली, "यो मास्तर पानांचं फोटू काढतो? याला घरी काय काम न्हाय का?" सरांनी ते ऐकलं आणि आईलाच विचारलं, "काकी, निरोगी पान कुठलं ते तुम्ही दाखवा ना." आईने दाखवलं. त्या दिवसापासून आई त्यांना वाटीभर कोलीम, आमच्या खाडीतली बारीक कोळंबी, बांधून द्यायची.

कापडाचे फोटो सरांच्या कारखान्यातल्या यासीन चाचांच्या टेबलावर काढले. चाचा, तुम्ही मागे का बसलात? पुढे या. चाचा चाळीस वर्षं कापड तपासतात. कापडाचा ताका टेबलावरून सरकत जातो, चाचांचा तळवा त्यावरून फिरतो, आणि दोष लागला की खिशातून निळा खडू निघतो. त्या दोषाच्या सरळ रेषेत, कापडाच्या किनारीवर, एक फुली. पुढच्या माणसाला कळावं म्हणून. ही त्यांच्या हाताची सवय आहे. न बघता होते.

कॉम्प्युटरने कमाल केली. जवळजवळ सगळे दोष पकडले. पानांवरचेही पकडले. निबंध छापून आला. कॉलेजने नाक्यावर फ्लेक्स लावला. माझी बढती अडकली होती, ती त्या निबंधाच्या जोरावर पुढे सरकली. आम्ही चाचांना पेढे दिले.

चाचांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "मशीन मेरे को भी दिखाव." सरांनी दाखवलं. चाचांनी एक कोरा ताका घेतला, अजून न तपासलेला. त्यात तेलाचा डाग होता, मलाही दिसत होता. मशीन म्हणालं, ठीक आहे. मग चाचांनी चांगल्या कापडाच्या किनारीवर उगाच एक फुली मारली. मशीन म्हणालं, दोष. चाचा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "साहब, ये कपडा नहीं देखता. ये मेरा खडू देखता है."

कळलं ना? प्रत्येक खराब कापडाच्या फोटोत निळी फुली होती. मशीन फुली शिकलं. आम्ही दोघं शिकलेसवरलेले, आणि आम्हाला ते दिसलं नाही. भिवंडीत इतकी वर्षं काढून किनारीवरचा खडू आमच्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता.

सरांनी त्याच दिवशी निबंध मागे घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मी भांडले. हो, मी भांडले. म्हणाले, "कुणाला कळणार आहे? नाहीतर फक्त कापडाचा भाग काढा, पानांचं राहू दे." सर म्हणाले, "बाई, पानांचं नक्की ना?"

मी म्हणाले, "नक्की."

ते म्हणाले, "ठीक."

आणि तरी निबंध पूर्ण मागे घेतला. फ्लेक्स उतरला. इथल्याच काही मंडळींनी त्यांच्या टेबलावर निळ्या खडूची पेटी ठेवली, गंमत म्हणून. माझी बढती थांबली. मी सरांशी आठ महिने बोलले नाही. शेजारच्या टेबलावर बसून आठ महिने!

सर काय करत होते तेव्हा? पुन्हा पहिल्यापासून. दर रविवारी कारखान्यात. चाचांचा हात आपोआप खिशात जातो, म्हणून सर आधी हात पुढे करायचे, "चाचा, खडू जमा करा." खडू सरांच्या खिशात. चाचा फक्त बोटाने दोष दाखवणार, फोटो निघणार, आणि मगच सर खडू परत देणार. "आता मारा फुली, नाहीतर पुढचा माणूस ओरडेल." दोन वर्षं हे चाललं. कॉलेजने काय दिलं? कॅमेरा मागितला तर परीक्षेची ड्युटी दिली.

नवं मशीन खरोखर कापड बघायला लागलं. पण पहिल्याइतकं अचूक नव्हतं. चुकायचं. गाठ सोडून द्यायचं. सरांनी तसंच लिहिलं आणि पाठवलं. एकदा परत आलं, दोनदा परत आलं, तरी रविवारचे फोटो चालूच. तिसऱ्या वेळी उत्तर काय आलं सांगू? तुमच्यापेक्षा चांगले निष्कर्ष याआधी प्रसिद्ध झालेले आहेत. आणि कुठल्या निबंधाचा दाखला दिला होता? ह्याच! ह्या फ्रेममधल्या! सर पोट धरून हसले. म्हणाले, "बाई, आपल्याला आपणच हरवलं." मला हसू आलं नाही. मला आजही येत नाही. खोटं पुढे निघून जातं आणि खरं दारात उभं राहतं, तर माणसाने करायचं काय?

आता जे सांगायचंय ते सांगते. त्यासाठीच मी तीनदा नाही म्हटलं होतं.

गुरुवारी भाभींनी मला सरांची एक वही दिली. त्यात माझ्या पानांच्या फोटोंची यादी आहे. प्रत्येक फोटोसमोर सरांच्या अक्षरात दोन शब्द आहेत. "चिठ्ठी कापली." पुढच्या ओळीत, "चिठ्ठी कापली." पानंच्या पानं तेच.

कसली चिठ्ठी? माझी. रोगट पान सापडलं की शेजारी नंबराची पांढरी चिठ्ठी ठेवायची आणि मग फोटो काढायचा. ही माझी सवय. निरोगी पानाला नंबर कशाला? तिथे चिठ्ठी नसायची. मशीन माझी पानं बघत नव्हतं. माझ्या चिठ्ठ्या बघत होतं.

आणि मला ते माहीत होतं. चाचांनी फुली मारली त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी चांगल्या पानाशेजारी चिठ्ठी ठेवून बघितली. मशीन म्हणालं, रोगट. मी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी सरांना म्हणाले, "नक्की."

वहीच्या पहिल्या पानावर निबंध मागे घेतला त्याच आठवड्यातली तारीख आहे. म्हणजे सरांना तेव्हाच कळलं होतं. तीन वर्षं माहीत होतं. एका शब्दाने बोलले नाहीत. एकेका फोटोतून माझी चिठ्ठी कापत बसले, आणि नव्या निबंधावर माझं नाव पुन्हा घातलं.

सर, का नाही विचारलंत परत? एकदा विचारायचं होतंत! मी कबूल केलं असतं. नसतंही केलं कदाचित. पण तुम्ही वाट बघत राहिलात, मी गप्प राहिले, आणि सोमवारी तुम्ही जिन्यात बसलात. मला तुमचा राग येतो, सर. माझा त्याहून जास्त येतो.

प्राचार्य सर, ही फ्रेम खोलीत लावू नका. लावायचंच असेल तर सरांनी निबंध मागे घेताना लिहिलेलं पत्र लावा. चारच ओळी आहेत. मी आणून देते. आणि माझ्या अडकलेल्या बढतीच्या अर्जात हा निबंध अजून आहे, तो काढून टाकायचं पत्र मी आज सकाळी ऑफिसात दिलंय.

वहीबरोबर भाभींनी मला अजून एक वस्तू दिली. सरांच्या शर्टाच्या खिशात निघाली. निळा खडू. शेवटच्या रविवारी चाचांना परत द्यायचा राहिला असावा.

चाचा, तुमची पद्धत मला माहीत आहे. दोषावर लिहायचं नाही. त्याच्या सरळ रेषेत, किनारीवर. सरांनी आपल्या नावासमोरची फुली तीन वर्षांपूर्वीच मारली. ही माझ्या नावासमोर, या फ्रेमच्या काठावर.

हं. झाली.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, मीसुद्धा बोलणार नाही.

चाचा, आधी पुढे या. हा तुमचा खडू.